उणे साठ अंशांतली दैनंदिनी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



ध्रुवप्रदेशातील मोहिमा म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे झेंडा रोवणारे वीर उभे राहतात. रॉबर्ट स्कॉट आणि रोआल्ड अमुंडसेन यांची शर्यत शाळेच्या पुस्तकातून आपण वाचलेली असते. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोहोचले आणि परतीच्या वाटेवर आपल्या चार सोबत्यांसह मृत्यू पावले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु स्कॉट यांच्याबरोबर एक लहानसे विद्यापीठच तिकडे गेले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आज मला त्या मंडळींबद्दल बोलावयाचे आहे. ती सकाळी किती वाजता उठत, काय खात, दिवसभर काय करीत, हे मी सांगणार आहे. शर्यतीची कथा आपण घरी वाचालच.

‘टेरा नोव्हा’ नावाच्या जहाजातून ही मंडळी जानेवारी १९११ मध्ये अंटार्क्टिकाच्या रॉस बेटावर केप इव्हान्स येथे उतरली. तेथे त्यांनी पन्नास फूट लांब व पंचवीस फूट रुंद असे लाकडी घर उभारले. थंडी अडविण्यासाठी भिंतींच्या फळ्यांमध्ये वाळलेल्या समुद्रशेवाळाच्या गाद्या भरल्या होत्या. या एका घरात पहिल्या हिवाळ्यात पंचवीस माणसे राहिली. सामानाच्या खोक्यांची एक भिंत रचून तिच्या एका बाजूस अधिकारी व शास्त्रज्ञ मिळून सोळाजण आणि दुसऱ्या बाजूस खलाशी वगैरे नऊजण, अशी व्यवस्था होती. जगाच्या टोकाला गेले तरी त्या इंग्रजांनी साहेब आणि नोकर यांमधली भिंत सोबत नेली, याची मला गंमत वाटते आणि थोडा विषादही वाटतो.

शास्त्रज्ञ कोण होते? प्रमुख होते डॉ. एडवर्ड विल्सन. पेशाने डॉक्टर, आवडीने पक्षीशास्त्रज्ञ आणि हात चित्रकाराचा. भूगर्भशास्त्रज्ञ तीन : ग्रिफिथ टेलर, फ्रँक डेबनहॅम आणि रेमंड प्रीस्टली. चार्ल्स राइट हे कॅनडातले पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. एडवर्ड नेल्सन सागरी जीवांचा अभ्यास करीत. आणि हवामानशास्त्रज्ञ होते जॉर्ज सिम्प्सन. हे सिम्प्सन कोठून आले होते, सांगा पाहू? आपल्या सिमल्याहून! १९०६ पासून ते हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्यात नोकरीस होते. वादळी ढगांतील विजेवर त्यांनी सिमल्यात प्रयोग केले होते, आणि तेथूनच रजा काढून ते या मोहिमेवर गेले.

आता त्यांचा दिवस पाहू. ‘दिवस’ हा शब्द मी सवयीने वापरतो. एप्रिलच्या अखेरीस तेथे सूर्य मावळतो तो ऑगस्टच्या अखेरीसच वर येतो. चार महिने रात्र. अशा ठिकाणी माणसाने घड्याळ पाळले नाही तर तो आळसाने आणि उदासीने खचतो. म्हणून या घरात वेळापत्रक कडक होते. सकाळी सातच्या सुमारास स्वयंपाकी क्लिसोल्ड चूल पेटवी. न्याहारीला ओटची लापशी, पाव-लोणी, कधी सीलच्या काळजाचे तुकडे. दुपारी पाव, चीज किंवा जॅम आणि चहा. संध्याकाळी सातच्या सुमारास मुख्य जेवण. त्यात बहुधा सीलचे मांस. रात्री अकराला दिवे मालवले जात. हा क्लिसोल्ड मोठा कल्पक होता. पावाचे पीठ पुरेसे फुगले की पिठावर ठेवलेली धातूची चकती वर उचलली जाई, विजेचा प्रवाह जुळे आणि घंटा वाजे, अशी युक्ती त्याने केली होती. घरात इतके शास्त्रज्ञ असताना सर्वांच्या रोजच्या उपयोगाचा शोध स्वयंपाक्याने लावावा, हे ध्यानात घ्या.

न्याहारीनंतर जो तो आपापल्या कामाला लागे. नेल्सन समुद्रावरील बर्फाला पाडलेल्या भोकाकडे जात. रात्रभरात ते पुन्हा गोठलेले असे. ते फोडावयाचे, आत जाळे आणि तापमापक सोडावयाचे, पाण्याचे नमुने वर काढावयाचे. राइट बर्फाच्या एका गुहेत लंबक टांगून गुरुत्वाकर्षणाचे मापन करीत. त्यासाठी तासन् तास निश्चल बसून आंदोलने मोजावी लागत आणि आकाशातील ताऱ्यांवरून घड्याळाची चूक काढावी लागे. सिम्प्सन यांचा कोपरा यंत्रांनी भरला होता. छपरावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, खाली कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढणारी त्याची लेखणी, वायुभारमापक, विद्युतमापक. ते हायड्रोजनचे फुगेही सोडीत. फुग्याबरोबर एक छोटे यंत्र वर जाई. वात जळून दोरा तुटला की यंत्र खाली पडे. ते अंधारात शोधावयाचे कसे? यंत्राला मैलोगणती लांब बारीक रेशमी धागा बांधलेला असे. तो धागा हाताने चाचपडत बर्फावरून चालत जावयाचे. धागा मध्येच तुटलेला निघाला तर सारा दिवस वाया.

येथे विद्यार्थी मित्रांशी मला थोडे खाजगी बोलावयाचे आहे. पालकांनी कानांवर हात ठेवले तरी चालेल. प्रयोगशाळेत आपण तापमानाची किंवा लंबकाची वाचने घेतो आणि जर्नलमध्ये लिहितो. खरेच घेतो का? की शेजाऱ्याच्या किंवा गेल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवून घेतो? उत्तर पुस्तकात दिलेलेच असते, मग वाचने त्याला जुळतील अशी बेतावयाची, ही कला आपल्याकडे पुष्कळांना अवगत आहे. आता मी एक प्रसंग सांगतो.

घरापासून काही अंतरावर उघड्यावर तापमापकांच्या तीन पेट्या ठेवल्या होत्या. मंडळींनी गमतीने त्यांना आर्चिबाल्ड, बर्ट्राम आणि क्लॅरेन्स अशी नावे दिली होती. त्यांची वाचने घेण्यास आळीपाळीने कोणी तरी जाई. ४ जुलै १९११ रोजी वादळ चालू होते. डॉ. अ‍ॅटकिन्सन हे मोहिमेतले दुसरे डॉक्टर. ते वारा थोडा पडलेला पाहून समुद्रबर्फावरील पेटीकडे निघाले. अंतर असे फार नव्हते. परंतु वाटेत वादळ पुन्हा उसळले. हिमाच्या भुकटीत हातभर अंतरावरचे दिसेना. घर कोठे, समुद्र कोठे, काही कळेना. सहा तासांच्या सुमारास ते भटकत होते. शोधासाठी तुकड्या बाहेर पडल्या. अखेर चंद्राचा उजेड थोडा आला आणि त्यांना वाट सापडली. एका हाताची बोटे हिमदंशाने मोठमोठ्या फोडांनी भरून गेली होती. एका तापमापकाच्या एका वाचनासाठी! घरात शेकोटीपाशी बसून कालच्यासारखाच एक आकडा लिहून टाकता आला असता. कोणी तपासावयास येणार नव्हते. असे करावे हे त्या घरात कोणाला सुचले नाही, एवढेच मी सांगतो आणि पुढे जातो.

रात्रीचा पहारा हेही या घरातले एक काम होते. अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्यापैकी एकजण पाळीपाळीने रात्रभर जागा राही. स्वतः स्कॉटही पाळी चुकवीत नसत. शेगडी विझू द्यावयाची नाही, तबेल्यातील घोड्यांकडे लक्ष द्यावयाचे आणि तासातासाने बाहेर जाऊन आकाशातील ध्रुवीय प्रकाशाची नोंद करावयाची. मधल्या वेळात पहारेकरी आपले अंग धुऊन घेई, कपडे धुई. पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागे आणि बर्फ वितळविण्यासाठी कोळसा लागे, म्हणून आंघोळ ही चैनच होती.

आठवड्यातून तीन रात्री व्याख्याने होत. विल्सन पक्ष्यांवर बोलत, सिम्प्सन हवामानावर, राइट बर्फावर, डेबनहॅम ज्वालामुखीवर, कॅप्टन ओट्स घोड्यांच्या निगेवर. छायाचित्रकार पाँटिंग ब्रह्मदेश आणि जपानची चित्रे पडद्यावर दाखवीत. भाषणानंतर प्रश्नोत्तरे इतकी रंगत की मध्यरात्र होई. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे, असा शिरस्ता होता. विल्सन यांच्याकडून चित्र काढण्याचे धडे घेणारेही होते. घरचे म्हणून एक मासिकही निघे. चेरी-गॅरार्ड नावाचा पंचविशीतला तरुण त्याचा संपादक.

हाच चेरी-गॅरार्ड पुढल्या गोष्टीत आहे. डॉ. विल्सन यांना एम्परर पेंग्विनची अंडी हवी होती. हा पक्षी ऐन हिवाळ्यात, बर्फावर अंडी घालतो. गर्भाच्या वाढीत त्या प्राण्याच्या पूर्वजांचा इतिहास दिसतो, असे त्या काळी मानले जाई. पेंग्विनच्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी कसे झाले याचा पुरावा सापडेल अशी विल्सन यांना आशा होती. म्हणून २७ जून १९११ रोजी, म्हणजे भर काळोखात, विल्सन, बावर्स आणि चेरी-गॅरार्ड निघाले. बावर्स हा रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या आरमाराचा अधिकारी. दोन घसरगाड्या, त्यांवर सुमारे ३४३ किलो सामान आणि ओढणारी माणसे तीन. केप क्रोझियर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक दूर होते.

इतक्या थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, घसरगाडी घसरतच नाही. दोन्ही गाड्या एकदम ओढवेनात. मग एक पुढे नेऊन ठेवावयाची, मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पावलांच्या खुणा शोधीत मागे यावयाचे आणि दुसरी न्यावयाची. एक मैल पुढे जाण्यास तीन मैल चाल. दिवसभराच्या कष्टाने कधी दीड-दोन मैलच कापले जात. तापमान उणे ६०.८ अंश सेल्सियसपर्यंत उतरले. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूतून बाहेर आला आणि मान वर करून त्याने सभोवार पाहिले. तेवढ्या क्षणात घामाने ओलसर झालेले कपडे त्याच स्थितीत गोठले. पुढचे चार तास मान वर ठेवूनच त्याला गाडी ओढावी लागली! तेव्हापासून तिघेही बाहेर पडताच ओढण्याच्या स्थितीत वाकून उभे राहू लागले. झोपण्याच्या कातडी पिशव्यांत श्वासाचे बर्फ साठून त्यांचे वजन दुपटीहून वाढले. त्या पिशवीत शिरणे हेच तासाभराचे काम. चेरी-गॅरार्डची दृष्टी अधू, पण चष्म्यावर बर्फ जमे, म्हणून तो चष्म्याविना चाले. आणि अशा स्थितीत बावर्स रोज हवामानाची नोंद करी. कागदावर श्वास पडला की त्यावर बर्फाचा पापुद्रा येई आणि पेन्सिल उमटत नसे.

एकोणीस दिवसांनी ते पोहोचले. पाच अंडी मिळाली. त्यांतील दोन चेरी-गॅरार्डच्या हातमोज्यांत फुटली. नंतर वादळाने तंबू उडविला, दगडांच्या आडोशाचे छप्पर फाडून नेले आणि तिघे दोन दिवस उपाशी पिशव्यांत पडून राहिले. तंबू डोंगराच्या उतारावर खाली सापडला म्हणून वाचले. १ ऑगस्टला ते परतले तेव्हा अंगावरचे कपडे कापून काढावे लागले.

त्या तीन अंड्यांचे काय झाले? १९१३ साली चेरी-गॅरार्डने ती लंडनच्या संग्रहालयात नेऊन दिली, तेव्हा त्याचे स्वागत फारसे अगत्याने झाले नाही. गर्भाचा सविस्तर अहवाल निघाला १९३४ साली. तोवर मूळ कल्पनाच शास्त्रज्ञांनी सोडून दिली होती आणि या अंड्यांनी ज्ञानात फारशी भर पडत नाही असा निष्कर्ष निघाला. पालकांपैकी कोणी विचारतील की मग एवढ्या खटाटोपाचा फायदा काय? हा प्रश्न योग्य आहे. माझ्याजवळ त्याचे गोड उत्तर नाही. शास्त्रात पुष्कळसे काम असेच असते. अंदाज चूक होता हे कळण्यासाठीही कोणाला तरी अंडे आणावे लागते.

परंतु दुसरी गोष्ट पाहा. ध्रुवावरून परतताना स्कॉट, विल्सन वगैरे पाचजण अर्धपोटी, थकलेले होते. तरीही फेब्रुवारी १९१२ मध्ये बियर्डमोर हिमनदीच्या माथ्याजवळ, माउंट बकलेपाशी ते दगड गोळा करण्यास थांबले. सुमारे सोळा किलो दगड त्यांनी गाडीवर चढविले आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. पुष्कळ टीकाकारांनी याला वेडेपणा म्हटले आहे. या दगडांत पानांचे ठसे होते. लांबट, जिभेच्या आकाराची पाने, मधोमध जाड शीर. वनस्पतीचे नाव ग्लॉसॉप्टेरिस, वय पंचवीस कोटी वर्षांहून अधिक. आणि हीच पाने कोठे सापडतात? आपल्या नागपूरजवळ कामठीच्या दगडांत, चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत! त्या थरांना ‘गोंडवन’ हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडले आणि पुढे दक्षिणेकडील सर्व जोडलेल्या भूखंडांना तेच नाव मिळाले. अंटार्क्टिका आणि विदर्भ एकेकाळी एकाच भूमीचे भाग होते, याचा एक भक्कम पुरावा त्या तंबूपाशी सापडला. योगायोग असा की भूखंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी जर्मनीत मांडली ती जानेवारी १९१२ मध्येच, स्कॉट ध्रुवाकडे वाटचाल करीत असताना. वेगेनर हेही ध्रुवप्रदेशाचेच संशोधक. ते १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फावर वारले.

तो तंबू शोधण्यास जी तुकडी ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस गेली तिच्याबरोबर हिंदुस्थानातून पाठविलेली सात खेचरे होती. त्यांची नावे ऐका : लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब. हिमालयाच्या पायथ्याशी शिकवून तयार केलेली ही जनावरे चहाचा चोथा आणि दोरखंडसुद्धा खात. त्यांतले एकही परत मायदेशी आले नाही. वाट दाखविण्याचे काम राइट यांच्याकडे होते आणि तंबूचे टोक प्रथम त्यांनाच दिसले.

त्याच हिवाळ्यात प्रीस्टली आणि त्यांचे पाच सोबती दुसरीकडे अडकले होते. जहाज बर्फामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाही. त्यांनी बर्फात गुहा खणली. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद आणि उंची इतकी बेताची की उंच माणसाला ताठ उभे राहता येऊ नये. तीत सहाजणांनी साडेसहा महिने काढले. सीलच्या चरबीचे दिवे, त्यांचा काजळीचा धूर, आणि खाणे सील आणि पेंग्विन. कोठीची किल्ली प्रीस्टलींकडे. रविवारी प्रत्येकास साखरेचे बारा खडे, महिन्याच्या शेवटी पंचवीस मनुका. जिन्नस मोजून देणाऱ्या माणसाच्या हाताकडे पाच भुकेले डोळे लावून बसलेले, आणि त्याने स्वतःसाठी एकही मनुका जास्त घेतलेली नाही. गणिताचा असा उपयोगही असतो. रात्री एकजण डिकन्सची कादंबरी मोठ्याने वाची. एका रात्री एकच प्रकरण, म्हणजे पुस्तक लवकर संपावयाचे नाही.

पालकांचा दुसरा प्रश्न मला ठाऊक आहे. मुलगा किंवा मुलगी असल्या शास्त्राच्या नादी लागली तर पुढे काय? तर ऐका. सिम्प्सन यांना १९१२ मध्येच सिमल्याच्या कामासाठी परतावे लागले. त्यांची निरीक्षणे पुढे राइट यांनी चालू ठेवली. सिम्प्सन यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९१९ साली आपल्या कलकत्त्यात छापला गेला. पुढे ते १९२० पासून १९३८ पर्यंत लंडनच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. डेबनहॅम यांनी केंब्रिजला ध्रुवप्रदेशांच्या अभ्यासाची संस्था १९२० साली स्थापन केली. टेलर यांनी सिडनीत भूगोलाचा विभाग सुरू केला. मनुका मोजणारे प्रीस्टली मेलबर्न आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांचे कुलगुरू झाले. (त्यांच्या दोन बहिणी टेलर आणि राइट यांना दिल्या. ओळखीत स्थळ मिळते ते असे.) विल्सन आणि बावर्स मात्र स्कॉटबरोबर त्या तंबूतच राहिले. चेरी-गॅरार्ड परत आला. १९२२ साली त्याने या प्रवासावर एक थोर पुस्तक लिहिले. पण आपण त्यांना वाचवू शकलो असतो का, हा विचार त्याला जन्मभर छळीत राहिला आणि मनाच्या आजाराने त्याला वारंवार गाठले. असा हा हिशेब आहे. त्यातली एकच बाजू दाखविणे बरोबर नाही.

आणि सिम्प्सन यांनी जमविलेल्या आकड्यांचे काय? ते कपाटात पडून राहिले नाहीत. सुसान सोलोमन या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने ते आकडे आणि नंतरच्या काळात यंत्रांनी केलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि १९१२ चा मार्च महिना त्या भागात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक थंड होता असे २००१ साली पुस्तक लिहून दाखविले. अ‍ॅटकिन्सनांसारख्यांनी बोटे गमावण्याच्या बेतात येऊन घेतलेली वाचने नव्वद वर्षांनी साक्षीस उभी राहिली.

आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. एकवीस जणांच्या या मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. अलाहाबादेत जन्मलेले, अलीगढला शिकलेले, माशांचा आणि खाड्यांच्या पाण्याचा अभ्यास करता करता ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले होते. पुढे ते जामिया मिलिया इस्लामियाचे कुलगुरूही होते. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन महिला शास्त्रज्ञ गेल्या : सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत. मुलींनी ही नावे वहीत लिहून घ्यावीत, आणि त्यांच्या आयांनीही.

पहिले ठाणे ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाखाली गाडले गेले. त्यानंतर १९८९ साली ‘मैत्री’ आणि २०१२ साली ‘भारती’ अशी दोन ठाणी झाली. तेथील काळोख्या हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसे मागे राहतात. त्यांत भारतीय हवामान खात्याचे, म्हणजे सिम्प्सन ज्या खात्यातून रजा काढून गेले त्याच खात्याचे, निरीक्षकही असतात. वारा, वायुभार आणि तापमान यांच्या नोंदी तेथे हिवाळ्यातही चालू असतात.